क्रँकमध्ये ४ मिलिमीटर वाढवले आणि फियाटच्या इवल्याशा गाडीत विंचू शिरला

२०१५ साली पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून एक वेगळीच पुंटो बाहेर पडली. दिसायला साधी फियाट पुंटो, पण पुढच्या बाजूला फियाटच्या लोगोऐवजी एक विंचू. बॉनेटखाली १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १४५ बीएचपी ताकद. दहा लाखांच्या आसपास किंमत असलेल्या हॅचबॅकमध्ये एवढी ताकद त्या वेळी आपल्याकडं कुणीच देत नव्हतं.

गाडी फार खपली नाही, काही वर्षांत बंदही झाली. पण ज्यांनी घेतली ते आजही तिला जीवापाड जपतात. पुणे-मुंबई रस्त्यावर कधी विंचू लावलेली पुंटो दिसली, तर गाड्यांचा नाद असणारे मान वळवून बघतात.

आता प्रश्न असा की, हा विंचू आला कुठून?

विंचू आला एका माणसाच्या राशीतून. त्याचं नाव कार्लो अबार्थ. या माणसाकडं स्वतःचा मोठा कारखाना नव्हता, पोलाद ओतायच्या भट्ट्या नव्हत्या, मागं एखादं श्रीमंत घराणं नव्हतं. त्यानं काय केलं, तर लोकांच्या घरापुढं उभी असलेली सर्वांत स्वस्त गाडी घेतली. तिच्या इंजिनाचा ब्लॉक तोच ठेवला आणि आत जरासा मोठा क्रँकशाफ्ट बसवला. यावर त्यानं अख्खी कंपनी उभी केली.

आणि पुढं जेव्हा तो हा हिशोब सोडून दुसऱ्याच वाटेला गेला, तेव्हा कंपनी हातातून गेली. पण ते नंतर. सुरुवातीपासून बघू.

कार्लचा कार्लो झाला

१५ नोव्हेंबर १९०८ ला ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नामध्ये त्याचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव कार्ल आल्बर्ट अबार्थ. जन्मतारखेप्रमाणं रास वृश्चिक. घराण्याची मुळं आजच्या उत्तर इटलीतल्या मेरानो गावाकडची, त्यामुळं पुढं जाऊन तो इटलीचा नागरिक झाला आणि कार्लचा कार्लो झाला.

त्याच्या लहानपणाची एक गोष्ट कायम सांगितली जाते. गल्लीतली पोरं लाकडी स्कूटरवर शर्यती लावायची. मोठ्या पोरांना हरवता येईना, म्हणून या पठ्ठ्यानं स्कूटरच्या लाकडी चाकांना कातडी पट्टा गुंडाळला. पकड वाढली, वेग वाढला. गोष्ट किती खरी, किती रंगवलेली ते सोडा. पण माणूस पुढं आयुष्यभर हेच करत राहिला. गाडी दुसऱ्याचीच, पण तिच्यात नेमकी जागा शोधून केलेला बदल त्याचा.

विशीत तो मोटारसायकलच्या शर्यतींत उतरला. १९२८ मध्ये पहिल्यांदा जिंकला आणि युरोपातल्या शर्यतींत नाव होऊ लागलं. १९३० मध्ये लिंझला जबर अपघात झाला. एकट्यानं मोटारसायकल पळवणं अवघड झालं, तर गडी साइडकारकडं वळला. नुसता वळला नाही, साइडकारची रचनाही स्वतः केली.

१९३४ मध्ये त्यानं जे केलं त्याला आजच्या भाषेत व्हायरल कंटेंट म्हणता येईल. त्या काळात ओरिएंट एक्सप्रेस ही युरोपातली सगळ्यात नावाजलेली रेल्वे. अबार्थनं साइडकार लावलेल्या मोटारसायकलवर तिच्याशी शर्यत लावली. बेल्जियमचं ऑस्टेंड ते व्हिएन्ना, तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर. रस्ते तेव्हाचे, दिवे तेव्हाचे. तरी तो आगगाडीच्या आधी पोहोचला. पेपरांना मथळा मिळाला आणि अबार्थला एक धडा. गाडी चांगली असून भागत नाही, ती लोकांच्या तोंडी असावी लागते.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या सुमारास युगोस्लावियात त्याला पुन्हा मोठा अपघात झाला. या वेळी शर्यतीतलं करिअरच संपलं. युद्धाचा काळ त्यानं ल्युब्लियाना शहरात काढला आणि युद्ध संपल्यावर इटलीत आला.

सगळं नवीन बनवायला गेले आणि कंपनी बुडाली

व्हिएन्नातल्या जुन्या ओळखीमुळं अबार्थचा पोर्शे घराण्याशी संबंध होता. युद्धानंतर इटलीत पिएरो दुसिओ नावाचा उद्योगपती चिसितालिया नावाची कंपनी चालवत होता. त्याला ग्रां प्रीची गाडी हवी होती. पोर्शेच्या माणसांनी डिझाइन दिलं, आणि अबार्थ या कंपनीच्या रेसिंग विभागात रुजू झाला.

डिझाइन काय होतं बघा. १.५ लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन, त्यात १२ सिलिंडर, वर चारही चाकांना ताकद. १९४० च्या दशकात! कागदावर जगात भारी. पण यातला जवळपास प्रत्येक भाग नव्यानं बनवायचा होता. पैसा पाण्यासारखा गेला. गाडी ग्रां प्रीत उतरण्याआधीच कंपनी कर्जात बुडाली आणि दुसिओनं अर्जेंटिनाचा रस्ता धरला.

अबार्थच्या वाट्याला आल्या चिसितालियाच्या काही रेसिंग गाड्या आणि सुटे भाग. त्यावर ३१ मार्च १९४९ ला त्यानं रेसिंग ड्रायव्हर गुइदो स्कालियारिनीसोबत अबार्थ अँड कंपनी सुरू केली. लोगो ठरला विंचू. सुरुवात बोलोन्यामध्ये झाली, मग बस्तान तुरिनला हललं. तुरिन म्हणजे फियाटचं गाव.

सुरुवात दणक्यात झाली. इटलीचा सर्वांत मोठा ड्रायव्हर तात्सिओ नुवोलारी १९५० मध्ये पालेर्मोजवळच्या माँते पेलेग्रिनोच्या घाटात अबार्थची गाडी घेऊन उतरला आणि आपल्या गटात पहिला आला. नुवोलारीची ही शेवटची शर्यत ठरली.

पण शर्यती जिंकून पगार होत नाहीत. घर चाललं ते सायलेन्सरवर.

अबार्थनं साध्या गाड्यांना बसणारे खास सायलेन्सर बनवायला घेतले. गाडी थोडी मोकळी पळायची आणि आवाज असा यायचा की शेजारच्यानं खिडकी उघडून बघावं. आपल्याकडं बुलेटवाले कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा लावतात, त्यामागचं मन आणि त्या वेळच्या इटालियन पोरांचं मन एकच. हे सायलेन्सर लाखांच्या संख्येनं खपले, अर्ध्याहून जास्त माल देशाबाहेर जायचा.

अबार्थला धंद्याचं सूत्र सापडलं होतं. गाडी फियाटनं बनवायची, लोकांनी विकत घ्यायची, आपण फक्त तिच्यात जीव ओतायचा.

आणि मग आली फियाट ६००

१९५५ मध्ये फियाटनं ६०० ही गाडी आणली. डिझाइन दांते जाकोसाचं. युद्धातून सावरणाऱ्या इटलीत स्कूटरवरून फिरणाऱ्या कुटुंबाला चारचाकीत बसवणारी ही गाडी. इंजिन मागं, चार सिलिंडर, ६३३ सीसी आणि ताकद साधारण साडेएकवीस हॉर्सपॉवर. टॉप स्पीड कसाबसा ताशी ९५ किलोमीटर.

म्हणजे गाडी डबा होती. पण अबार्थला दिसली संधी, कारण असे डबे रस्त्यावर लाखोंनी येणार होते.

आता इथं थोडं इंजिनात शिरू. घाबरू नका, सायकल चालवता येत असेल तर हे समजेल.

सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. त्या वर-खाली हालचालीचं गोल फिरण्यात रूपांतर करतो तो क्रँकशाफ्ट. सायकलवर हेच होतं. गुडघा वर-खाली, चाक गोल, आणि मध्ये पायडलचा दांडा. तुमची मांडी म्हणजे पिस्टन, पोटरी म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि पायडलचा दांडा म्हणजे क्रँक.

इंजिनाची सीसी वाढवायचे रस्ते दोन. पहिला, सिलिंडर रुंद करायचा. आपल्याकडं गॅरेजवाले ज्याला बोअर करणं म्हणतात ते. दुसरा, पिस्टनचा प्रवास लांब करायचा, म्हणजे स्ट्रोक वाढवायचा. त्यासाठी लांब दांड्याचा क्रँक लागतो.

बोअर करणं सोपं, पण त्याला मर्यादा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरमधली भिंत खरवडत गेलात, तर एक दिवस भिंतच राहत नाही. पाणी जायची वाट फुटते, हेड गॅस्केट टिकत नाही. ब्लॉक लहान असेल तर ही मर्यादा फार लवकर येते. फियाट ६०० चा ब्लॉक लहानच होता.

म्हणून अबार्थनं काय केलं, तर बोअर फक्त १ मिलिमीटरनं वाढवला. ६० चा ६१. आणि खरा घाव घातला क्रँकवर. कंपनीचा क्रँक काढून नवीन क्रँक बसवला आणि पिस्टनचा प्रवास ५६ मिलिमीटरवरून ६४ मिलिमीटरवर नेला. क्रँकच्या मध्यापासून बघितलं, तर दांडा वाढला फक्त ४ मिलिमीटर. कारण दांडा जेवढा वाढतो, त्याच्या दुप्पट प्रवास वाढतो.

हिशोब घालून बघा. नुसता बोअर वाढवला असता, तर ६३३ चं इंजिन जेमतेम ६५५ सीसीला पोहोचलं असतं. क्रँक बदलल्यामुळं ते गेलं ७४७ सीसीवर. म्हणजे वाढलेल्या एकशे चौदा-पंधरा सीसीपैकी नव्वदच्या वर एकट्या क्रँकनं दिले.

वाटतं तितकं सोपं का नाही?

आता तुम्ही म्हणाल, मग सगळेच का करत नाहीत? मोठा क्रँक टाका आणि विषय संपवा.

परत सायकलवर या. पायडलचा दांडा लांब केला तर काय होईल? वर जाताना गुडघा जास्त वर येईल आणि खाली जाताना पायडल जमिनीच्या जास्त जवळ जाईल. इंजिनात हेच होतं.

पहिली अडचण वरच्या टोकाला. क्रँकचा दांडा ४ मिलिमीटरनं वाढला, की पिस्टनही वरच्या टोकाला ४ मिलिमीटर जास्त वर येतो. ब्लॉकची उंची तर तेवढीच आहे. मग पिस्टन थेट हेडवर आणि व्हॉल्व्हवर आपटणार. म्हणून एकतर कनेक्टिंग रॉड आखूड करावा लागतो, नाहीतर पिस्टन असा बनवावा लागतो की त्यातली पिन जास्त वरच्या बाजूला असेल.

दुसरी अडचण खाली. लांब दांडा आणि त्याचा तोल सांभाळणारी वजनं मोठ्या वर्तुळात फिरतात. ब्लॉकच्या आतली भिंत, कॅमशाफ्ट, ऑइल चेंबर यांना कुठं घासत तर नाही ना, हे मिलिमीटर-मिलिमीटर तपासावं लागतं.

तिसरी अडचण कॉम्प्रेशनची. हवा आणि पेट्रोल आता जास्त भरलं जातं, पण ते दाबायची जागा तेवढीच. दाब वाढतो. थोडा वाढला तर ताकद मिळते, बेताबाहेर वाढला तर इंजिन नॉकिंग करतं आणि पिस्टनला भोक पडतं.

चौथी अडचण सगळ्यात मोठी, ती वेगाची. क्रँक एका फेऱ्यात पिस्टनला आता ८ मिलिमीटर जास्त वर आणि ८ मिलिमीटर जास्त खाली पळवतो, पण वेळ तेवढाच. ६००० आरपीएमला आधी पिस्टन सरासरी सेकंदाला ११.२ मीटर जायचा, आता १२.८ मीटर. वरच्या टोकाला थांबून परत फिरताना जो झटका बसतो, तो साधारण १४ टक्क्यांनी वाढला. हा झटका खातात पिस्टन, रॉड आणि क्रँकचे बेअरिंग. फियाट ६०० च्या क्रँकला तर तीनच मुख्य बेअरिंग होती.

म्हणजे खराब धातूचा क्रँक टाकला तर इंजिन रस्त्यात फुटणार. त्यामुळं खरी कमाल सीसी वाढवण्यात नव्हती. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी ओतलेल्या ब्लॉकमध्ये नेमकं किती मावेल, हे ओळखण्यात होती.

खोक्यात बंद ताकद

अबार्थची खरी धंदेवाईक हुशारी पुढं आहे. त्यानं नुसत्या तयार गाड्या विकल्या नाहीत. त्यानं किट विकलं. क्रँकशाफ्ट, पिस्टन, कॅमशाफ्ट, मोठा कार्ब्युरेटर, सायलेन्सर असं सामान खोक्यात घालून द्यायचं. तुमच्या घरची फियाट ६००, तुमच्या गावातला मेकॅनिक आणि अबार्थचं खोकं. खोकं बसवलं की ताकद साडेएकवीसवरून चाळीस हॉर्सपॉवरच्या पुढं. जवळपास दुप्पट!

विचार करा, इटलीतला एखादा शिक्षक किंवा दुकानदार आठवडाभर त्याच गाडीतून कामावर जायचा आणि रविवारी घाटात शर्यतीला उतरायचा. मोटार रेसिंग हा तोवर पैसेवाल्यांचा खेळ होता. अबार्थनं तो खेळ साध्या माणसाच्या अंगणात आणला.

मग आले विक्रम. जून १९५६ मध्ये मोंझाच्या ट्रॅकवर अबार्थनं ७५० चं इंजिन एका खास गाडीत घातलं. बॉडी बेर्तोनेची, डिझाइन फ्रँको स्कालिओनेचं. ही गाडी २४ तास पळत राहिली आणि ३,७४३ किलोमीटर गेली. म्हणजे सरासरी ताशी जवळपास १५६ किलोमीटर, पेट्रोल भरायला आणि ड्रायव्हर बदलायला थांबून. चार अडचणींची यादी वर वाचलीत ना? त्याला हे २४ तास म्हणजे उत्तर होतं.

झागातोनं याच इंजिनावर एक देखणी कूपे बनवली. गाडी इतकी बुटकी की डोकी टेकू नयेत म्हणून छताला दोन फुगवटे दिले. ती अमेरिकेत गाजली. तिकडं या गाड्या आणून विकणारा आणि शर्यतीत उतरवणारा माणूस होता फ्रँकलिन रुझवेल्ट ज्युनिअर, म्हणजे अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा.

फियाटलाही कळलं की हा माणूस आपली फुकटात जाहिरात करतोय. त्यांनी अबार्थशी करार केला. अबार्थनं शर्यत जिंकली, विक्रम केला की फियाटकडून बक्षिसाची रक्कम. गाडीवर नाव लागायचं फियाट-अबार्थ.

गंमत पुढं आहे. १९६० मध्ये खुद्द फियाटनंच ६०० मध्ये सुधारणा केली आणि ६०० डी आणली. त्यात बोअर ६२ आणि स्ट्रोक ६३.५ मिलिमीटर, मिळून ७६७ सीसी. अबार्थनं पाच वर्षांपूर्वी क्रँक बदलून जे केलं होतं, तिथंच कंपनी आता येऊन पोहोचली होती.

ब्लॉक ताणायचा तरी किती?

अबार्थ काय गप्प बसणारा गडी नव्हता. फियाटनं स्ट्रोक ६३.५ केला, तर यानं ८५० टीसी मध्ये तो ६९ वर नेला. मग १००० मध्ये ७४ मिलिमीटर. बोअर ६५. झाले ९८२ सीसी.

म्हणजे ज्या इंजिनाची सुरुवात ६३३ सीसी आणि ५६ मिलिमीटरच्या स्ट्रोकनं झाली, त्याच घराण्याच्या ब्लॉकमधून त्यानं जवळपास एक लिटरचं इंजिन काढलं. युरोपच्या टुरिंग कार शर्यतींत लहान गाड्यांच्या गटात या १००० नं कित्येक वर्षं कुणाला उभं राहू दिलं नाही.

या गाड्यांचे जुने फोटो बघितले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. मागचं इंजिनाचं झाकण उघडंच! बघणाऱ्याला वाटावं, घाईत लावायचं राहिलं. पण ते मुद्दाम टेकू लावून उघडं ठेवायचे. एवढ्याशा जागेत एवढी ताकद कोंबली की गरम होणारच, मग हवा लागू दे.

फियाट ५०० बरोबरही तेच. तिचं इंजिन दोन सिलिंडरचं, ५०० सीसीच्या आतलं. १९६३ मध्ये अबार्थनं ५९५ आणली. त्यात क्रँकला हात लावला नाही, स्ट्रोक ७० चा ७०, फक्त बोअर ६७.४ वरून ७३.५ वर नेला. पुढच्या वर्षी आली ६९५. त्यात मात्र क्रँक बदलला. बोअर ७६ आणि स्ट्रोकही ७६. जिथं भिंतीत जागा होती तिथं बोअर, जिथं जागा संपली तिथं क्रँक. मूळ गाडीची ताकद १८ हॉर्सपॉवरच्या आसपास, तर ६९५ च्या एसएस मॉडेलची ३८.

सफरचंद खाऊन विक्रम

१९६५ साल. अबार्थ ५७ व्या वर्षाला टेकला होता. मोंझावर एका सीटच्या विक्रमी गाडीची तयारी चालली होती आणि साहेबांनी ठरवलं, ही मीच चालवणार. अडचण एकच, पोट. गाडी इतकी अरुंद की अबार्थ त्यात मावेना.

गाडी मोठी करावी? छे. त्यानं सफरचंदांवर राहून ३० किलो वजन कमी केलं आणि २० ऑक्टोबर १९६५ ला त्या गाडीत बसून वेग घेण्याचे विक्रम केले. त्याच्या नावाभोवतीचा १०० वा विक्रम म्हणून तो आजही सांगितला जातो. ब्लॉक बदलायचा नाही, आतलं सामान बसवायचं. या वेळी आतलं सामान तो स्वतःच होता.

आपला हिशोब सोडला आणि...

पण याच काळात अबार्थच्या डोक्यात दुसरं काही शिजत होतं. आपण किती दिवस फियाटच्या डब्यांवर जगायचं? मोठ्यांच्या शर्यतीत, मोठ्या इंजिनांसह का उतरू नये?

स्वतःची स्पोर्ट्स प्रोटोटाइप बनायला लागली. इंजिनं स्वतःची, मोठी, महाग. त्यातलं टोक म्हणजे ६ लिटरचं, १२ सिलिंडरचं इंजिन, ताकद सहाशे हॉर्सपॉवरच्या वर. ज्या माणसानं ६३३ सीसीवर नाव कमावलं, तो आता त्याच्या नऊपट मोठं इंजिन ओतत होता, आणि तेही मुळापासून.

आणि नेमका नियम बदलला. १९६८ पासून प्रोटोटाइप गाड्यांना ३ लिटरची मर्यादा आली. ६ लिटरचं इंजिन जागच्या जागी भंगार. ती गाडी शर्यतीत उतरलीच नाही.

चिसितालियाची गोष्ट आठवतेय ना? सगळं नवीन बनवायला गेले आणि पैसा संपला. वीस वर्षांपूर्वी अबार्थनं हे समोर बसून पाहिलं होतं. आता खर्च त्याच्या स्वतःच्या खात्यातून जात होता. फियाटच्या ब्लॉकवर काम करताना ओतकामाचा, साच्यांचा, प्रयोगांचा खर्च फियाटनं आधीच केलेला असायचा. चूक झाली तर एक क्रँक वाया जायचा. इथं चूक झाली की अख्खं इंजिन, अख्खी गाडी आणि दोन वर्षं वाया.

कंपनीवर पैशाचा ताण वाढत गेला आणि १९७१ मध्ये अबार्थनं ती फियाटला विकली. फियाटनं रॅलीच्या गाड्यांसाठी तिचा वापर केला. १३१ अबार्थनं पुढं १९७७, १९७८ आणि १९८० असं तीनदा जागतिक रॅली अजिंक्यपद आणलं. गाडी कसली होती? साध्या कुटुंबाच्या फियाट १३१ वरून बनवलेली. म्हणजे अबार्थ गेला, पण अबार्थचा हिशोब फियाटनं ठेवून घेतला.

कार्लो अबार्थ व्हिएन्नाला परतला. २४ ऑक्टोबर १९७९ ला, ज्या शहरात जन्मला तिथंच तो गेला. सत्तर वर्षं जगला, एक्काहत्तरीला तीन आठवडे कमी.

त्याच्या कंपनीच्या नावावर १० जागतिक विक्रम, १३३ आंतरराष्ट्रीय विक्रम आणि दहा हजारांहून जास्त शर्यतींतले विजय सांगितले जातात. यातले बहुतेक विजय कुणी मिळवले? मोठ्या नावाच्या ड्रायव्हरांनी नव्हे, तर खोकं विकत आणून आपल्याच गाडीत बसवणाऱ्या साध्या लोकांनी.

आपण काय घ्यायचं?

हे वाचून कुणी लगेच गॅरेज गाठू नका. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर लिहिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. सीसी हा त्यातलाच तपशील. रस्त्यावरच्या गाडीत मोठा क्रँक टाकून फिरणं म्हणजे दंड आणि विम्याचा घोळ, दोन्ही ओढवून घेणं.

पण अबार्थचा खरा धडा गॅरेजच्या बाहेरही लागू होतो. धंदा असो, शेती असो नाहीतर यूट्यूब चॅनेल, आपल्याला वाटतं की नवं काही करायचं तर आधी सगळं जुनं मोडायला हवं. अबार्थनं आधी ब्लॉक मोजला. भिंत किती जाड, वर जागा किती, खाली जागा किती, बेअरिंग किती सोसेल. मग ठरवलं की वाढायला जागा आहे ४ मिलिमीटर. आणि तेवढ्यातूनच सगळं काढलं.

रांजणगावच्या पुंटोतही काय होतं? बॉडी तीच, जी गल्लीत भाजी आणायला जायची. आतलं सामान तेवढं विंचवाचं. त्या गाडीच्या मालकाला विचारा ४ मिलिमीटरची गोष्ट माहितीये का. नसेल तर ही लिंक पाठवा.